तुळाजी नाइकांच्या नजरेची व शेळीच्या पाल्याची हकीकत

श्रीजगदंबा, जी पानापानांत हिरवी आणि फळाफळांत केशरी नांदते, तिचे पायीं मस्तक ठेवोन हकीकत लिहितों, ती सावकाश ऐकावी. शके सोळाशें बावन्न, साधारणनाम संवत्सरीं एक राज्य होतें. तेथील माणसें धडधाकट, दोन मणांचें पोतें खांद्यावर टाकोन गड चढणारीं, आणि चाल ऐसी कीं दूधतूप पाहुण्यांचे पानीं वाढावें, शेवग्याचा पाला आणि लाल भोपळा शेळ्यांस घालावा, आणि आपण भाकरी-पिठलें खावोन मिशीस पीळ द्यावा. "पाला खाईल तो शेळी," ऐसें म्हणत. खासे महाराजही तैसेंच जेवीत.

गडाचा दरवाजा तुळाजी नाइकांकडे, सात पिढ्यांचा. मार्गशीर्षांत एके दिवशीं दिवेलागणीस धूळ उडाली, तों नाइकांस वाटलें, महाराज शिकारीहून आले. मग शिंग फुंकविलें, दरवाजा उघडविला आणि कमरेंत लवोन तीन मुजरे केले. आंत आली ती पाटलांची म्हैस. ती शेपूट हालवीत मोठ्या मानानें आंत गेली, आणि मागोमाग महाराज आले, त्यांजवर नाइकांनीं काठी उगारोन "हैक! हैक!" केलें.

महाराज बोलिले, "नाईक, म्हशीस मुजरा आणि आम्हांस काठी? महिनाभरांत नजर ताळ्यावर आणा, नाहीं तर दरवाजाची काठी खालीं ठेवा."

नाईक फार कष्टी जाहले. बापजाद्यांचे हातांनीं गुळगुळीत जाहलेली ती काठी. ती सोडणें म्हणजे हातच सोडणें. मग वैद्यकी करणाऱ्या गोदूआऊस घरीं बोलाविलें. आऊनें पुसिलें, "काल काय जेवलास, लेकरा?"

नाईक मिशीवर हात फिरवोन म्हणाले, "पुरणपोळी. वर तूप."

तों जात्यावरून त्यांची बायको सगुणाबाई ओरडली, "अगं आऊ, ती पुरणपोळी शिमग्याची! काल पिठलं, परवा पिठलं, उद्या बी पिठलंच!" आणि पुन्हा ओवी धरिली:

शेवग्याचा पाला । शेळी माझी खाते
दिस बुडताना गं । कड्यावरनं येते

आऊनें जातें थांबविलें. म्हणाली, "सगुणे, पुन्हा म्हण." पुन्हा म्हटली. मग आऊ नाइकांकडे वळोन बोलिली, "शेळी दिस बुडताना कडा उतरते, आणि तुला म्हैस वळखंना! डोळ्यांचं तेज तू रोज तिच्यापुढं टाकतोस, बाबा."

हें दरबारीं कळलें आणि मोठा हशा जाहला. आऊ दरबारीं येवोन म्हणाली, "हसा." मग दिवेलागणीस चौकांत पाट मांडविले आणि बारा धिप्पाड सरदार त्यांमधोन चालविले. सात पडले. मग महाराज "पहा कैसें चालावें तें" म्हणोन उठले, आणि आठवे तेच पडले. महाराज पाटावर बसोनच बोलिले, "दरद एकट्या नाइकांचें नव्हे." आणि हुकूम सुटला कीं लहानथोरांनीं रोज पाल्याची भाजी तेलाची फोडणी देवोन खावी, भोपळा खावा, आणि पाहुण्यांचे तुपांतील पळीभर आपल्याही पानीं घ्यावें. "आम्हीही खाऊं," ऐसें महाराज बोलिले.

सगुणाबाई रोज द्रोण भरी, नाईक नाक धरोन गिळीत, आणि हळूहळू नाक सोडोन मागोन खाऊं लागले. महिना भरला. दिवेलागणीस महाराज खंदकापलीकडे शेवग्याखालीं उभे राहिले आणि ओरडले, "नाईक, आम्ही काय करितों, सांगा!"

नाइकांनीं पाहिलें, पुन्हा पाहिलें, आणि मिशीवर हात फिरविला. सगुणाबाईचा जीव टांगणीस लागला. मग नाईक म्हणाले, "महाराज, गुन्हा माफ असेल तर सांगतों."

"माफ!"

"आपले डावे हातीं द्रोण आहे, आणि त्यांतली भाजी आपण शेळीस चारीत आहां."

शेळीनें "बें" करोन साक्ष दिली. महाराज पोट धरोन हांसले, उरला द्रोण सर्वांदेखत संपविला, आणि नाइकांचे काठीस चांदीचें बोंड बसविलें.

येणेंप्रमाणें पाला पानीं आला, नजर डोळां आली, काठी घरीं राहिली. म्हैस तेवढी अद्याप दिवेलागणीस दरवाजांत थबकते, आणि मुजऱ्याची वाट पाहते.