अस्सल धनगर पाहिजे

"औंदाचा हीरो तुझ्याम्होरं उभा हाय!" मल्हारनं छाती फुगवून सांगितलं, तसं मामाच्या पोरीनं, सृष्टीनं, त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

त्याचं असं झालं, पुण्याच्या उत्कर्षा मॅडम माणदेशात सिनेमा काढायला आल्या होत्या. प्रेमाचा, हसवणारा. "आपल्या सिनेमात प्रेम कोण करतं? कॉफी पिणारे!" मॅडम तावातावानं म्हणायच्या. "मेंढरं राखणाऱ्याला काय काळीज नसतं? मला अस्सल धनगर हीरो हवाय!"

त्यासाठी माळावर चाचणी ठरली, आणि मल्हारनं नाव दिलं. आता मल्हार धनगर अस्सलच, पण साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर कामाला. प्रेमही अस्सल होतं, फक्त तोंडातून निघत नव्हतं! सृष्टी मिरजेच्या दवाखान्यात नर्स. गडी दर रविवारी एसटीनं तिथवर जायचा आणि "जेवलीस का?" एवढं विचारून परत यायचा.

सृष्टी आता वैतागली होती. "सिनेमातल्या बाईला बोलणार, आन् मला न्हाई? येते मी चाचणी बघायला. त्या दिशी माझ्याशी तोंड उघडलं न्हाईस, तर बाबांनी आणलेल्या स्थळाला व्हय म्हणते!"



चाचणीच्या दिवशी माळावर ही गर्दी! मॅडमनी मल्हारची जीन्स बघून कपाळावर हात मारला. "हा धनगर वाटत नाही हो!"

"आवं, माझ्या पोटचा हाय त्यो!" त्याची आई रंगुबाई कडाडली.

पण ऐकतंय कोण? मेकअपवाल्यानं मल्हारच्या तोंडाला काळपट रंग फासला. डोक्यावर भलंमोठं पागोटं बसवलं, पुण्याहून भाड्यानं आणलेलं घोंगडं खांद्यावर टाकलं आणि हातात त्याच्याहून उंच काठी दिली. मग मॅडमची नजर रंगुबाईच्या मेंढरांवर गेली.

"ही काळी कशी?"

"मग काय निळी असत्यात?" रंगुबाई म्हणाली.

"पडद्यावर पांढरी गोड दिसतात!"

झालं! पावडरीचे डबे रिकामे झाले. मेंढरं फटाफट शिंकायला लागली. रंगुबाईनं पदर तोंडाला लावला. "माणसाला काळं करत्यात, मेंढराला पांढरं! ह्यास्नी दिसतंय तरी काय?"

"ॲक्शन!"

मल्हार ऐटीत कळपातून नायिकेकडं निघाला. बाभळीखाली त्यांचा कुत्रा वाघ्या झोपला होता. त्यानं नाक वर केलं. घोंगड्याला परक्या कळपाचा वास, तोंड अनोळखी, हातात काठी, आणि गडी आपल्या मेंढरांत घुसतोय! वाघ्याच्या हिशेबी हा मेंढरं चोरायलाच आला होता. तो सुटला!

"वाघ्या, मी हाय रं!" मल्हार बोंबलला, पण भीतीनं आवाज असा चिरकला की त्याचा त्यालाच ओळखू येईना. पागोटं एकीकडं, काठी दुसरीकडं. नायिकेला ओलांडून, कॅमेऱ्याला धडकून, घोंगड्याला लोंबकळणाऱ्या वाघ्यासकट तो थेट सृष्टीच्या पाठीमागं दडला.

"सृष्टे, वाचीव गं! तुझ्याबिगर मला कोण हाय? लय जीव हाय गं माझा तुझ्यावर!"

सृष्टीनं त्याच्या खांद्यावरचं घोंगडं ओढून लांब फेकलं. वाघ्यानं पुन्हा एकदा हुंगलं आणि शरमून शेपूट हलवायला लागला.

"एवढं बोलायला कुत्रं मागं लागावं लागलं व्हय तुला?" सृष्टी लाजून लालेलाल झाली. "त्या स्थळाला 'न्हाई' म्हणून कळवते आजच."

"कट! अप्रतिम!" मॅडमचे डोळे भरून आले. "हे वाक्य मी सिनेमात घेणार म्हणजे घेणार!"

"मग हीरो मीच न्हवं?"

मॅडम जरा चाचरल्या. "तुम्ही तितके धनगर वाटत नाही हो. हे वाक्य आमचा कोथरूडचा मुलगा म्हणेल. तुम्ही फक्त त्याला असं पळायला शिकवा."

सिनेमा आला. पडद्यावर अस्सल माणदेशी असा एकटा वाघ्याच दिसला, आणि त्याचंही नाव बदलून त्यांनी ब्रूनो ठेवलं होतं!

मल्हार-सृष्टीचं लग्न मात्र झोकात झालं. फोटोला ही झुंबड उडाली! जो तो नवरदेवाला हातानं बाजूला सारत होता. "जरा सरक रं गड्या, ब्रूनो दिसंना!"