चाक बसलंय

वाहनातील कोणताही इशारादर्शक दिवा लागलेला असताना ते वाहन रस्त्यावर आणू नये, असे परिपत्रक वाहन कचेरीतून निघाले त्याला आता सात वर्षे झाली. ते नीट वाचणारा माणूस आजवर एकच निघाला. ज्याने ते लिहिले, तोच. हे गृहस्थ त्या कचेरीचे अधीक्षक. हाताखालची माणसे पाठीमागे त्यांना ‘परिपत्रक’ म्हणत आणि हे कानावर आल्यावर त्यांना मनातून बरेच वाटले होते.

त्या शनिवारी त्यांची थोरली बहीण, अक्का, नऊ वर्षांनी येणार होती. आई गेल्यावर तिनेच त्यांना लहानाचे मोठे केले. पुढे तिच्या स्कूटरच्या कागदांत त्यांनी स्वहस्ते तीन त्रुटी काढल्या, तेव्हापासून तिने त्यांचे दार पाहिले नव्हते. आता फोनवर तिने बजावले होते, “चारला बस पोचते. तू स्वतः ये. नाही आलास तर पाचच्या बसने मी परत.”

अक्का बसणार म्हणून त्यांनी सकाळीच गॅरेजात जाऊन गाडीला चार नवी चाके लावून घेतली. किल्ली फिरवली आणि समोर पिवळा दिवा लागला.

“मिस्त्री, हवा कमी आहे?”

“हवा टकाटक आहे, साहेब. गाडी चाकांना ओळखत नाही, एवढंच. प्रत्येक चाकात हवा मोजणारा सेन्सर असतो, त्याला नंबर असतो. गाडीला जुन्या चारांचे नंबर पाठ आहेत. नव्यांची नोंद करायचं मशीन सोमवारी येईल.”

“म्हणजे चाकं हजर आहेत, पण रुजू झालेली नाहीत.”

“तुम्ही म्हणाल तसं. चालवा बिनधास्त. कोण बघतंय?”

“मी बघतोय ना!”

मिस्त्रीने कपाळावर हात मारून ग्रीस लावून घेतले. “मग एक करा. जुनी चाकं गाडीत घालून फिरा. त्यांचे नंबर मिळाले की दिवा विझेल.”

मिस्त्री हे हसत म्हणाला. अधीक्षकांनी ते लिहून घेतले.

डिकीत गॅसची टाकी होती. त्यामुळे तीन जुनी चाके मागच्या सीटवर बसली, चौथे पुढे. पुढच्याला पट्टाही बांधला, कारण पट्ट्याचाही दिवा असतो. पिवळा दिवा विझला. अधीक्षकांनी हात जोडले. मात्र चाक हलले नाही की सेन्सर झोपी जातो, असे मिस्त्री म्हणाला होता. म्हणून दर सिग्नलला ते मागे वळून तिघांना थोपटत, मग शेजारच्याला.

जाता जाता घरापाशी बायकोने काचेतून आत डोकावून पाहिले. “अहो, अक्का कुठे बसणार?”

“ते पुढचं पुढे. आधी गाडी नियमात बसू दे.”

अर्ध्या वाटेत काहीतरी फुस्स झाले. अधीक्षकांनी दिवा पाहिला. बंद. आत बसलेल्या चारही चाकांत हवा भरपूर होती. गाडी डावीकडे कलली, तसे ते उजवीकडे कलले. शेजारून एक स्कूटरवाली ओरडली, “काका, चाक बसलंय!”

“एक नाही, चारही बसवलीत!” ते काच खाली करून म्हणाले.

पुढे एक फळवाला ओरडला, मग दोन शाळकरी मुली, मग चौकातला पोलीस. “चाक बसलंय! चाक बसलंय!” नियमाबद्दल लोकांत एवढी आस्था पाहून अधीक्षकांना गहिवरून आले. त्यांनी सर्वांना नमस्कार केले. खडखडत, ठिणग्या उडवत, पायी चालणाऱ्यांना वाट देत ते स्टँडवर पोचले तेव्हा पाचला दहा मिनिटे कमी होती.

अक्का बाकावरून गुडघे धरत उठली. गाडीभोवती तिने एक फेरी घातली.

“धाकट्या, चार आत बसलीत, एक बाहेर बसलंय. मी कुठे बसू?”

“अक्का, सोमवारी नोंद झाली की...”

“अरे, त्यातलं एक काढ नं!”

अधीक्षकांनी पट्ट्याला हात घातला. समोरच्या काचेमागे पिवळे काहीतरी लुकलुकल्यासारखे वाटले. त्यांनी हात मागे घेतला.

अक्काने ते पाहिले. ती पाचच्या बसमध्ये चढली. खिडकीतून एवढेच म्हणाली, “इथे ड्रायव्हरसमोर सगळे दिवे लागलेत रे. तरी माणसं नेतोय बिचारा.”

तासाभराने अधीक्षकांनी निरोप टाकला, ‘अक्का, बरी आहेस ना?’ पलीकडून नुसता एक अंगठा आला. त्यांचा जीव भांड्यात पडला. प्रकरण निकाली निघाले.

हसा, मंडळी, खुशाल हसा. फक्त हसून झाले की आपापले फोन उघडा, आणि त्यातल्या कुठल्या अंगठ्यामागचे माणूस शेवटचे कधी डोळ्यांनी पाहिले, ते जरा आठवा.