गुणाजी पायलटचं लांबलेलं गाऱ्हाणं

देवापुढे उभं राहून दुसऱ्याच्या डाव्या पायाच्या करंगळीसाठी वेगळं मागणं घालणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. तो म्हणजे आमचा गुणाजी पायलट.

आमच्या पेडण्याकडे गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. नारळ ठेवून, हात जोडून, देवाला मोठ्याने सांगितलेलं मागणं ते गाऱ्हाणं. एकाने मागायचं आणि जमलेल्यांनी दरवेळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. लग्न असो, नवं घर असो, भजनी मंडळाची नवी पेटी असो, गाऱ्हाण्याशिवाय कशाचंच पान हलत नाही. पण गुणाजी गाऱ्हाणं घालतो ते मोटारसायकलींच्या शर्यतीला.

डिचोलीकडे एका बंद पडलेल्या खाणीचा लालभडक सडा, म्हणजे उघडा कातळी माळ, आहे. तिथे रविवारी सकाळी पोरं शर्यती लावतात. परवानगी असते का, हे कृपा करून मला विचारू नका. दहा-बारा गाड्या रांगेत उभ्या, पोरांच्या डोक्यावर हेल्मेटं, छातीला कासवासारखी कवचं, इंजिनांची नुसती घरघर. आणि समोर दगडावर नारळ ठेवून गुणाजी.

“बा देवा म्हाराजा! हो आमचो साईश आज गाडयेर बसलो हा. तेचो उजवो पाय सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“डावो पाय सांभाळ!”

“व्हय म्हाराजा!”

“डाव्या पायाची करंगळी सांभाळ!”

करंगळीपर्यंत पोरांच्या ‘व्हय’मधला जीव गेलेला असतो. मग मनगटं येतात, मानेचा मणका येतो, पाठीचे मणके येतात (वरून खाली), दोन्ही कान येतात. शरीर संपलं की गाडी. पुढचा ब्रेक, मागचा ब्रेक, चेन, चेनचा लॉक. मग वाळू, सांडलेलं ऑइल, भटका कुत्रा, म्हैस. सड्यावर मी तरी कधी म्हैस पाहिलेली नाही. एकूण वेळ पंचवीस मिनिटं. शर्यत चार मिनिटांत संपते.

आता पायलट या पदवीबद्दल. गोव्याबाहेरच्या वाचकाने विमानाकडे पाहू नये. पिवळ्या मडगार्डची मोटारसायकल घेऊन जो नाक्यावर उभा राहतो आणि भाडं मागे बसवून नेतो, तो आमचा पायलट. हल्ली तालुक्यात विमानतळ झाल्यापासून टोपीवाले, पट्टीवाले खरे पायलटही दिसू लागलेत. गुणाजीला त्याचं काही नाही. “ते मागसून इले,” तो म्हणतो.

मी डिचोलीच्या एका हायस्कुलात मराठी शिकवतो. गेली दहा वर्षं रोज सकाळी घरापासून बस स्टँडपर्यंत मी गुणाजीच्या मागे बसतो, आणि आठवड्यातून दोनदा तरी माझी बस चुकते. कारण गुणाजी ताशी तीसने गाडी चालवतो. उतारावर अठ्ठावीसने. एकदा तर सायकलवरच्या पदेराने, म्हणजे पाववाल्याने, पावांच्या टोपलीसकट आम्हाला मागे टाकलं आणि वर पोंऽपों करून हॉर्न वाजवला. मी शरमेने मान खाली घातली. गुणाजी शांतपणे म्हणाला, “जावंदे. तेचे पाव गरम आसत. आमचा काय थंड होता?”

एवढा भित्रा माणूस शर्यतीच्या नादी लागलाच कसा, हे कोडं मला पुष्कळ दिवस पडलं होतं. पोरं त्याला का बोलावतात ते ठाऊक होतं. एकदा त्यांनी गुणाजीला चुकवून शर्यत लावली आणि पहिल्याच वळणावर तिघं एकमेकांवर आपटले. तेव्हापासून गुणाजीशिवाय कोणी किक मारत नाही. साईश, म्हणजे त्यांचा म्होरक्या, स्वतः त्याला आणायला येतो. वाटेत गुणाजीच्या तीसच्या मागे आपली ती रॉकेटसारखी गाडी पहिल्या गिअरमध्ये रखडवत नेतो. चेहरा असा, जणू वरातीतला घोडा.

मी पहिल्यांदा हौसेने ती शर्यत पाहायला गेलो. खोटं कशाला बोलू, गाड्या सुटल्या तेव्हा माझ्या पन्नाशीच्या छातीतसुद्धा काहीतरी सुटलं. लाल धुळीची भिंत उठली, पायाखालचा दगड थरथरला, आणि वळणावर पोरं गुडघा जमिनीला टेकेल इतकी कलली. मी चक्क ओरडलो. शेजारी पाहिलं तर गुणाजी शर्यतीकडे पाठ करून उकिडवा बसलेला. डोळे मिटलेले. नुसता ऐकत होता.

“तिसरो घातल्यान,” तो पुटपुटला. “चौथो... अरे सोड, सोड, आता सोड... हां. सोडल्यान.”

न बघता त्याला प्रत्येक गाडीचा गिअर कळत होता. हा माणूस एकेकाळी या धंद्यात आतपर्यंत होता, हे मला त्या दिवशी समजलं. परत येताना मी विचारलं, “गुणाजी, एवढी भीती वाटते तर जातोस कशाला?”

“मी नाय गेलंय म्हणून ते थांबतले काय, मास्तर? दुसरो कोणतरी गाऱ्हाणा घालतलो. थोडक्यात.”

‘थोडक्यात’ हा शब्द त्याने असा उच्चारला की जणू शिवीच. आणि मी पडलो सारांशलेखनाचा मास्तर! एक तृतीयांशात लिहा, पुनरुक्ती टाळा, हे सांगण्यात माझा जन्म गेला. मला राहवेना. एका संध्याकाळी मी त्याच्या गाऱ्हाण्याचा रीतसर सारांश केला आणि सकाळी त्याच्या हातात कागद दिला. ‘हे देवा, सर्व स्पर्धकांना सुखरूप ठेव.’ पंचवीस मिनिटांचं काम एका ओळीत.

गुणाजीने तो कागद दोनदा वाचला. “सुखरूप म्हणजे काय काय, मास्तर?”

“म्हणजे... सगळंच आलं त्यात.”

“देव इचारीत तेव्हा तू आसशीत थंय सांगूक?” त्याने कागदाची घडी करून माझ्याच खिशात घातली. “थोडक्यात सांगू नको, मास्तर. थोडक्यात सांगणारो फसता.”

हे वाक्य मी स्टाफरूममध्ये वर्षभर नक्कल करून सांगितलं. चांगला हशा मिळायचा. आज ती नक्कल आठवली की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

कारण गुणाजीच्या घरी त्याचा मुलगा अंथरुणावर आहे, हे मला माहीत होतं. पेडण्यात सगळ्यांनाच माहीत होतं. ‘झिलाक बरा नाय’ एवढ्यावर विषय संपायचा, आणि विषय संपला की आम्हाला बरं वाटायचं. दहा वर्षं मी त्या माणसाच्या पाठीमागे बसून गेलो आणि एकदाही त्याच्या उंबरठ्याला पाय लावला नाही. मुलाचं विचारलंच तर ‘काय म्हणतो झिल?’ असं थोडक्यात विचारलं.

गेल्या शिमग्यानंतर गुणाजीची बायको वारली. पंधरा दिवसांनी गुणाजी पुन्हा नाक्यावर आला. मला स्टँडवर उतरवलं आणि गाडी बंद न करताच म्हणाला, “मास्तर, आयतवारी दुपारी घराक येशीत? गाऱ्हाणा घालूचा हा. व्हय म्हणूक माणूस नाय.”

व्हय म्हणणारं कोणी नसेल तर गाऱ्हाणं देवाला पोचत नाही, अशी आमच्याकडची समजूत. मी गेलो. नाही म्हणायला सबब सुचली नाही म्हणून गेलो, हेही सांगून टाकतो.

एकच खोली. खिडकीशी पलंग, पलंगावर त्याचा झिल उमेश. तिशी ओलांडलेला, दाढी नीट केलेली, केस विंचरलेले. मानेखाली काहीच हलत नव्हतं. डोळे मात्र लख्ख. “बसा, सर,” तो सावकाश म्हणाला. फळीवर एक चकचकीत कप होता, शर्यतीतल्या पहिल्या नंबराचा. त्यात फणी आणि नेलकटर उभे करून ठेवले होते. गुणाजीने नेलकटर काढलं आणि पोराच्या पायाशी बसून डाव्या करंगळीचं नख कापायला घेतलं.

“हेची गाडी मीच तयार केल्लंय,” तो नखाकडे बघत बोलू लागला. “तेच सड्यार. गाऱ्हाणा पण मीच घातलंय. इंजिना चालू, लोक वराडतत, ‘काका, आटप, आटप.’ माका पण घाई, मास्तर. माका पण बघूचा होता ना तो पळताना! म्हटलंय, देवा, तो पयलो येवंदे आणि जीव घेवन घराक येवंदे. इतक्याच.”

नख तुटल्याचा बारीक आवाज झाला.

“देवान सगळा ऐकल्यान. पयलो इलो. रेषा ओलांडल्यार गाडी पलटली. जीव घेवन घराकय इलो.” गुणाजीने पोराचा पाय दोन्ही हातांत धरला. “जीव सांगलंय, मास्तर. बाकीचा सांगूक इसारलंय.”

माझा तो एका ओळीचा सारांश डोळ्यांपुढे आला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुणाजी उठला, पाटावर नारळ ठेवला, हात जोडले. “बारा वर्सां हीच व्हय म्हणा होती,” तो बायकोच्या फोटोकडे बघून म्हणाला. “सगळ्याक म्हणा होती. एक सोडून. ता एक मागणा शेवटपर्यंत माका घालूक दिल्यान नाय.”

मग गाऱ्हाणं सुरू झालं. उमेशच्या पाठीला जखम पडू नये. व्हय म्हाराजा. गिळताना घास अडकू नये. व्हय म्हाराजा. मच्छर बसला तर हाकलायला कोणीतरी जवळ असावं. लाइट गेली तरी पंखा लवकर सुरू व्हावा. नाकावर खाज सुटली तर त्याने हाक मारावी आणि ती ऐकू यावी. मी प्रत्येकाला व्हय म्हणत होतो, आणि मला पहिल्यांदाच ते गाऱ्हाणं संपू नये असं वाटत होतं. कारण शेवटी काय येणार ते मला कळायला लागलं होतं.

गुणाजी थांबला. त्याने डोळे घट्ट मिटले.

“आणि देवा म्हाराजा, माझा वय झाला. माझ्या मागसून हेचा करूक कोण नाय. तर हेका माझ्या आधी ने रे म्हाराजा. वर्सभर आधी नको. म्हयनोभर नको. एक दीस आधी. एकच दीस.”

गुणाजी हात जोडून वाट बघत होता. मी तोंड उघडलं, पण ‘व्हय’ काही निघेना. इतक्या वर्षांत त्या माणसाने माझ्याकडे एवढंच मागितलं होतं, आणि तेवढंही मला देता येईना.

तेव्हा पलंगावरून आवाज आला, सावकाश आणि स्पष्ट.

“व्हय म्हाराजा.”