कोण ही मेन्स रिया?

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून उन्नतीला या जगात अशक्य असं काही दिसतच नव्हतं! गेल्या महिन्यापर्यंत रिक्षावाल्याला "इथेच थांबवा" सांगायलासुद्धा जी आईला कोपर मारायची, तीच दहावीतली उन्नती आता कमरेवर हात ठेवून थोरल्या भावाला म्हणत होती, "क्रिमिनल लॉ ना दादा? दे इकडे पुस्तक. तीन दिवसांत तयार करते तुला. पहिला येशील, पहिला!"

तेजसदादाने निमूट पुस्तक दिलं. त्याच पेपरात दोनदा आपटलेला माणूस दुसरं काय करणार? शिवाय सीवूड्सच्या अर्पिताशी त्याचं लग्न ठरलं होतं, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे जानूकाकांनी, भर बैठकीत सांगून ठेवलं होतं, "जावई वकील होनार म्हनून आमी हो बोललो. यंदा पेपर सुटला तरच हळद. नायतर पुढच्या वर्षी बगू!"

उन्नतीने पहिलं प्रकरण उघडलं. "अरे, हे तर सोप्पंय! मेन्स रिया म्हणजे मनातला वाईट हेतू. ॲक्टस रियस म्हणजे हातून घडलेलं कृत्य. दोन्ही एकत्र आले की गुन्हा! म्हण."

"मनातल्या मनात म्हणू?"

"मोठ्याने! मी माईकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेले होते!"

झालं! कामोठ्याच्या त्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये तेजसदादा येरझाऱ्या घालत गरजू लागला, "मनात रिया पाहिजेच! रियाशिवाय काही खरं नाही! रिया आणि रियस एकत्र सापडले की शिक्षा!"

लग्नाच्या तयारीसाठी नावड्याहून आलेली पुतळाआत्या आत कोलंबी सोलत होती. हातातली कोलंबी हातातच राहिली! आत्याच्या पोटातली बातमी म्हणजे मोठ्या गॅसवरचं दूध. तिने तडक बाल्कनी गाठली आणि अर्पिताच्या आईला फोन लावला.

"विहीनबाय, आधी खाली बसा. पोराच्या मनात कोनतरी रिया हाय. आनि त्या रियाचा पन कोनतरी रियस हाय!"

पाऊण तासात बेल वाजली. दारात जानूकाका, मागे अर्पिता. काकांच्या हातात पापलेटची पिशवी. सोयरीक टिकली तर द्यायची, मोडली तर परत न्यायची, असा बेत चेहऱ्यावरच दिसत होता!

"कोन ही रिया?" काका गरजले.

दादा इतका घाबरला, की त्याला थेट परीक्षेतच बसल्यासारखं झालं. "मनातला वाईट हेतू!"

आयुष्यात पहिल्यांदा त्याने बरोबर उत्तर दिलं, आणि तेही नेमकं चुकीच्या माणसाला!

"म्हंजे हेतू वाईट हाय हे कबूल?"

"आनि तो मेला रियस?" आत्या मधेच.

"हातून घडलेलं कृत्य!"

"अगं बाय माझे! घडलं पन?" म्हणत आत्या मटकन सोफ्यावर बसली.

आता मात्र उन्नती स्टुलावर चढली. समोर चार माणसं आणि आपण उंचावर, म्हटल्यावर तिला भीती कसली!

"काका, तुमच्या पायात काय आहे?"

रागाच्या भरात काकांनी चपलाच काढल्या नव्हत्या. सगळ्यांनी खाली बघितलं. एक चप्पल काळी. दुसरी गुलाबी, वर फुलपाखरू!

"पप्पा! ही माझी!" अर्पिता किंचाळली. "तरी म्हटलं, एकच कुठे गेली!"

"बघा! दुसऱ्याची चप्पल घातलीत, हा झाला रियस. पण मुद्दाम नाही घातलीत, म्हणजे चोरी नाही. कारण तुमच्या मनात रिया नव्हती!"

"माझ्या मनात रिया?" काका लालबुंद. "या वयात?"

अर्पिताला हसू आवरेना. "अहो पप्पा, रिया बाई नाही. कायद्यातला शब्द आहे तो!"

हळूहळू काकांच्या डोक्यात उजेड पडला आणि पापलेटची पिशवी एकदाची या घरची झाली. पण आत्या कसली ऐकतेय!

"शब्द असंल. पन नाव बाईचंच ना? हळद लागेपर्यंत ते तोंडातून काढायचं नाय. घे माझी शपथ!"

दादाने घेतली. नंतर उन्नतीला कोपऱ्यात गाठून रडकुंडीला आला, "निम्मा पेपर रियावरच असतो. आता पाठ कसं करू?"

"टेन्शन नको!" म्हणत उन्नतीने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दादाचा चेहरा खुलला. पुढचे तीन दिवस पाठांतर असं दणक्यात चाललं, की आत्या कौतुकाने ऐकत बसायची आणि जेवताना त्याला माशाची मोठी तुकडी वाढायची!

दीड महिन्याने निकाल लागला. दादा पास! पण कसा? अगदी काठावर, एक मार्क कमी पडला असता तर गेलाच होता. जानूकाका फोनवरच हळदीची तारीख काढायला बसले, आत्याने पेढे आणले, पण उन्नतीचा पारा चढला.

"काठावर? मी शिकवलेला मुलगा काठावर? पहिला प्रश्न काय होता?"

"मेन्स रिया."

"तो तर तोंडपाठ होता!"

"होता ना! तू शिकवलास तस्साच लिहिला. चांगली दोन पानं." दादाने मान खाली घातली. "'अर्पिता मनात असल्याशिवाय कुणालाही शिक्षा होत नाही.'"

उन्नतीच्या घशात पेढा अडकला. "दोन पानं? आणि तरी पास केलं?"

"शंका असेल तर आरोपी सुटतो, उन्ने. तत्त्वच आहे कायद्याचं," दादा म्हणाला. "आणि परीक्षकांना शंका तर आलीच असणार!"