खरात सरांची सही

माझ्या सासऱ्यांना स्मशानात पोचवून आम्ही परत निघालो, तेव्हा खरात सरांनी मला बाजूला घेतलं. मला वाटलं, धीर देतील. ते म्हणाले, "खांदा देताना तुमचा डावा पाय चुकीचा पडला. बराबर न्हाई. कंबर जाईल."

जाफराबादच्या आमच्या शाळेत मी मराठी शिकवतो, ते खेळ. कॉलेजात असताना कबड्डी, व्हॉलीबॉल, भालाफेक आणि लांब उडी अशा चार खेळांत ते विद्यापीठाकडून खेळले. तेव्हापासून जगातला प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी चुकीचा उभा आहे. एसटीत चढणाऱ्या म्हाताऱ्यांना ते खाली उतरवून पुन्हा चढायला लावतात. एकदा मुख्याध्यापक झेंड्याची दोरी ओढत होते, तर मागून आवाज आला, "खांद्यातून ओढा, मनगटातून न्हाई." त्यानंतर खेळाचे निम्मे तास गणिताला गेले.

सरांनी मग शाळा सुटल्यावर मुलींना कबड्डी शिकवायला घेतली. त्यातली राधा राज्य स्पर्धेसाठी निवडली गेली. नेमकं त्याच वेळी संस्थेच्या अध्यक्षांना शाळेच्या ग्राउंडवर मंगल कार्यालय बांधायचं होतं, आणि सरांनी त्याविरुद्ध वर तक्रार केली होती.

मुख्याध्यापकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "अध्यक्षांचा निरोप आहे. तक्रार मागं घ्या, मंग त्या राधाच्या स्पर्धेच्या फॉर्मवर शिक्का मारतो."

मी तिथंच बसलो होतो. मी समोरचं वर्तमानपत्र उघडलं. माझीही एक फाईल त्याच टेबलावर होती.

सरांनी खिडकीतून ग्राउंडकडे एकदा बघितलं. मग म्हणाले, "पेन द्या."

दोन दिवसांत गावभर झालं, खरात सर फुटले. चहाच्या टपरीवर लोक त्यांच्याकडे पाठ फिरवायला लागले. त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही.

राधा स्पर्धेहून परतली तेव्हा ग्राउंडवर जेसीबी चालू होता. ती सरांसमोर उभी राहिली.

"सर, लोक म्हणून राह्यले, तुम्हीच सही दिली."

"हो."

"कशामुळं?"

"शाळेला जागा कमी पडत होती. जा, गुडघ्याला शेक दे."

तिनं हातातलं प्रमाणपत्र त्यांना न दाखवताच दप्तरात कोंबलं आणि वळली. मला राहवेना. मी तिच्यामागं निघालो, तर सरांनी माझा दंड धरला.

"राहू द्या," ते म्हणाले. "तिला कळलं तर खेळणं सोडील ती."