पुस्तकात नसलेल्या गावाला जाण्याची पूर्वतयारी

प्रवासाला निघायला माणसाला दोन गोष्टी लागतात: पाय आणि पुस्तक. पाय जन्मतःच मिळतात, त्यामुळे त्यांची कुणाला किंमत नसते. पुस्तक मात्र निवडावं लागतं, आणि जी गोष्ट निवडावी लागते ती घाईने निवडू नये, हे बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. घाईने पुस्तक निवडून प्रवासाला गेलेली कित्येक माणसं मी पाहिली आहेत. ती सगळी मजेत जाऊन आली हे खरं. पण त्यांच्या जाण्याला शिस्त नव्हती.

मी मोरेश्वर. मुंबईच्या एका बँकेच्या टोकियो शाखेत पाच वर्षांच्या नेमणुकीवर आलो आणि बायको-मुलीसह हिगाशी-कसाईत नवव्या मजल्यावर राहिलो. 'मोरेश्वर-सान' हे ऑफिसात कुणाच्या जिभेला झेपेना, म्हणून माझं 'मोरे-सान' झालं. (जपानीत 'मोरे' म्हणजे गळती, किंवा नजरचुकीने राहून गेलेली गोष्ट. हे मला चौथ्या वर्षी कळलं. तोवर मी प्रत्येक फोनवर "नमस्कार, मी गळती बोलतोय" असं अदबीने सांगत होतो.)

कुठे जायचं, याबद्दल आमच्या घरात कधीच वाद नव्हता. जायचं होतं कुमागाई-बाईंकडे.

बाई आमच्या वॉर्डाच्या सभागृहात परदेशी लोकांना फुकट जपानी शिकवायच्या. अकरा मार्च दोन हजार अकराला भूकंप झाला तेव्हा माझी बायको उत्तरा चार वर्षांच्या सईला घेऊन घरात एकटी होती. लिफ्ट बंद, फोन बंद, आणि मी ऑफिसातून पायी निघालेला. बाईंचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन त्या नऊ मजले चढून आल्या आणि मी पोचेपर्यंत उत्तराचा हात धरून बसल्या. त्यांचं स्वतःचं माहेर ईशान्येच्या किनाऱ्यावर होतं आणि तिथे त्या घटकेला त्सुनामीत काय चाललंय हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पाच दिवसांनी बँकेने आम्हाला मुंबईला पाठवलं. दीड महिन्याने परतलो, तोवर बाई टोकियोतलं बिऱ्हाड मोडून, मागे उरलेल्या बहिणीपाशी गावी निघून गेल्या होत्या. आभार मानायचे राहिले ते राहिलेच. उत्तराला ही गोष्ट फार लागली. मलाही लागली होती, पण मी ती कार्यवाहीसाठी घेतली.

त्या सुमारास आमच्या ओळखीच्या लोकांत पाठीवर सॅक टाकून स्वस्तात फिरण्याची टूम निघाली होती. ही टूम अत्यंत स्तुत्य आहे. घरी तीन बेडरूम असलेल्या माणसाने आठ जणांच्या खोलीत वरच्या फळीवर झोपावं आणि त्याला अनुभव म्हणावं, यात मोठी लोकशाही आहे. आमचे मित्र चंद्रहास आणि चित्रा हे ग्योतोकुला राहणारं जोडपंही आमच्याबरोबर यायला तयार झालं. चंद्रहासने तर साठ लिटरची सॅक आणूनही ठेवली होती. (सध्या तिच्यात बासमती होता.) आता फक्त पुस्तक ठरायचं बाकी होतं. दोन हजार बाराच्या दिवाळीत, चकल्या संपण्यापूर्वी, मार्गदर्शक पुस्तक निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष मी. चिटणीस चंद्रहास, कारण एक्सेल त्याला येत होतं. शाकाहारविषयक सदस्य चित्रा. उत्तरा नुसती सदस्य.

कामकाजाच्या पद्धतीविषयी दोन शब्द सांगणं आवश्यक आहे. जपानी पद्धतीत प्रत्येकाचा हान्को, म्हणजे नावाचा शिक्का, कागदावर पडल्याशिवाय निर्णय होत नाही. मराठी पद्धतीत निर्णय झाल्यावर प्रत्येकाला 'मला कुणी विचारलंच नाही' असं म्हणण्याचा हक्क असतो. आम्ही दोन्ही पद्धती स्वीकारल्या. त्यामुळे आमच्या समितीत शिक्के मारल्यावर चर्चेला सुरुवात व्हायची.

पुस्तकासाठी कसोट्या ठरल्या त्या अशा. वजन चारशे ग्रॅमच्या आत असावं (सॅक पाठीवर घ्यायची असल्याने). मजकूर भरपूर असावा (पैसे मोजायचे असल्याने). माशाच्या अर्काविना मिळणाऱ्या पदार्थांची यादी असावी. ती तीन ओळींहून मोठी असल्यास लेखकाच्या सचोटीची चौकशी व्हावी. लेखक त्या ठिकाणी स्वतः गेलेला असावा, पण फार आनंदात गेलेला नसावा, कारण आनंदी माणूस बसच्या वेळा नीट लिहून घेत नाही.

पहिल्या अकरा बैठका रेल्वेच्या पासात गेल्या. बाजारातल्या एकूण एक पुस्तकाचं पहिलं प्रकरण परदेशी पर्यटकांसाठीच्या पासाने सुरू होतं. 'जपानमध्ये पाऊल ठेवण्यापूर्वी हा पास घ्या.' आम्ही तर पाऊल ठेवून बसलो होतो, आणि इथे राहणाऱ्यांना तो पास मिळत नाही. म्हणजे इंग्रजी पुस्तकं जे पाहुणे आहेत त्यांच्यासाठी, जपानी पुस्तकं ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी. जो इथे राहतो, कर भरतो, सात प्रकारचा कचरा वेगळा करतो आणि तरी नकाशावरचं अक्षर वाचू शकत नाही, त्याच्यासाठी पुस्तक नाही. समितीने याबद्दल खेद व्यक्त केला आणि मिसळ खाल्ली.

बाराव्या बैठकीत एका पुस्तकाच्या मागच्या पानावर 'सेइशुन जूहाची किप्पू' असं काहीतरी सापडलं. म्हणजे 'तारुण्य अठरा तिकीट'. साध्या गाड्यांनी दिवसभर कुठेही जा, स्वस्तात. समितीने या तिकिटाचा सखोल विचार केला आणि ते अठरा वर्षांच्या तरुणांसाठी असल्याने अपात्र ठरवलं. आपण सगळे मनाने अठराचेच आहोत, अशी उपसूचना चित्राने मांडली. ती भावनिक म्हणून फेटाळली गेली.

"स्टेशनवर विचारू या का?" उत्तरा म्हणाली.

"स्टेशनवरचा माणूस हे प्रकाशन नाही," चंद्रहास म्हणाला.

"इत्सु इकु नो?" सईने कोपऱ्यातून विचारलं. (म्हणजे "कधी जायचं?" इथे वाढणाऱ्या मुलांचं मराठी बिघडतं, ही सर्वच पालकांची चिंता आहे.)

मग आवृत्त्यांचा प्रश्न आला, आणि तो खरोखर अवघड होता. बाईंच्या गावाचं नाव मी इथे देत नाही, कारण देऊन उपयोग नाही. दोन हजार दहाच्या आवृत्तीत त्या गावावर चार ओळी होत्या: स्टेशन, स्टेशनसमोरची खानावळ, तिथली समुद्री शेवाळ घातलेली नूडल, आणि धक्क्यावरून दिसणारा सूर्योदय. दोन हजार तेराच्या आवृत्तीत त्या चार ओळींच्या जागी एक चौकट होती: 'या भागाची माहिती पुढील आवृत्तीत.' म्हणजे एका पुस्तकात गाव होतं पण खोटं, आणि दुसरं पुस्तक खरं होतं पण त्यात गाव नव्हतं. उत्तराने जुन्या पुस्तकातल्या चारही ओळी मोठ्याने वाचल्या आणि म्हणाली, "खानावळवाल्यांचं काय झालं असेल रे?" त्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. इतिवृत्तात या वेळाची नोंद 'चहा' अशी आहे.

जे गाव पुस्तकात नाही तिथे पुस्तक घेऊन जाता येत नाही, आणि पुस्तकाशिवाय जायचं नाही असा ठराव आधीच झालेला. तेव्हा पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी, असं तीन विरुद्ध एक मतांनी ठरलं. जपानमध्ये पुस्तकाच्या आवृत्त्या नियमित निघतात, ही समाधानाची गोष्ट आहे. दर आवृत्तीला चौकट कायम राहिली. एकदा तिचा रंग बदलला. त्यावर आम्ही विशेष बैठक घेतली.

बाई दर वसंतात पोस्टकार्ड पाठवायच्या. त्यावर अक्षरांच्या डोक्यावर सोपी अक्षरं लिहून एकच वाक्य असायचं: 'कधीही या, मी आहे.' मी ते कार्ड ऑफिसात दाखवलं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थांनी समजावलं, की 'जरूर या' हे जपानीत नम्रतेने म्हणतात, त्यावर कुणी खरोखर निघत नाही. हे मला समजावून सांगावं लागलं नसतं. माझं बालपण पुण्यात गेलं आहे. मी ही माहिती समितीपुढे ठेवली. कार्ड हे निमंत्रण आहे की औपचारिकता, यावर चंद्रहासने एक वेगळी शीट उघडली.

"अरे, 'मी आहे' असं लिहिलंय त्यांनी," उत्तरा म्हणाली. "त्या भागात ते लिहायला काय लागत असेल!"

तिचा मुद्दा नोंदवून घेण्यात आला.

फेब्रुवारी दोन हजार पंधरामध्ये माझ्या बदलीचा हुकूम आला. पंचवीस मार्चला परतीचं विमान. समितीने परिस्थितीचं गांभीर्य ओळखलं आणि बैठका साप्ताहिक केल्या. तोवरची आमची कामगिरी नोंदवण्यासारखी आहे. एकूण बैठका एकोणतीस. तपासलेली पुस्तकं चौदा, त्यांचं एकत्रित वजन साडेसात किलो. हिरवे, पिवळे आणि गुलाबी चिकटकागद सहाशे बारा. प्रत्यक्ष प्रवास शून्य किलोमीटर. (चंद्रहास-चित्रा ग्योतोकुहून तीन स्टेशनं येतात, तो धरलेला नाही. धरावा, असं चंद्रहासचं म्हणणं आहे.)

आठ मार्चच्या रविवारी तिसावी बैठक होती. चौदांतून दोन पुस्तकं उरली होती आणि आज निकाल लागायचाच होता. मी उठलो तेव्हा घरात सामसूम होती. जेवणाच्या टेबलावर उत्तराचा हान्को उभा ठेवलेला होता आणि त्याखाली चिठ्ठी:

'सईला घेऊन बाईंकडे जातेय. स्टेशनवर विचारलं, त्या तिकिटाला वयाची अट नाही. ऐंशी वर्षांच्या माणसालाही देतात. शिक्का ठेवलाय, हवा तिथे मारा. मंगळवारी येऊ. डोसापीठ फ्रीजमध्ये.'

बैठक वेळेवर सुरू झाली. सदस्याच्या अनुपस्थितीत तिचा शिक्का ग्राह्य धरावा का, यावर थोडी चर्चा झाली आणि तो ग्राह्य धरण्यात आला. मग सव्वादोन वर्षांत प्रथमच चारही शिक्के एका कागदावर, एकाच रेषेत पडले. पुस्तक एकमताने निवडलं गेलं. चंद्रहासचे डोळे भरून आले. आम्ही डोसे केले.

मंगळवारी संध्याकाळी दोघी आल्या. सईच्या बुटांत वाळू होती. चंद्रहास मुद्दाम ऑफिसातून थेट आला होता, कारण अहवालात एक रकाना रिकामा होता.

"वहिनी, पुस्तक नसताना वाट सापडली कशी?"

"बाई न्यायला आल्या होत्या."

"कुठे? त्या गावात आता स्टेशनच नाहीये."

"जिथे होतं तिथे," उत्तरा म्हणाली. "तिथे आता बस थांबते. मी फक्त साध्या गाडीने निघालोय एवढंच कळवलं होतं. कितीला पोचू ते कळवलं नव्हतं. त्या दुपारपासून तिथे उभ्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत, चंद्रहास."

"मग, आभार मानलेस?" मी विचारलं.

"मानायला गेले तर त्याच मानायला लागल्या. म्हणाल्या, त्या दिवशी धरायला कुणाचा तरी हात होता म्हणून मी टिकले. आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, त्या माझा हात धरून बसल्यात." मग म्हणाली, "तुझी चौकशी केली. मोरे-सान का नाही आले? मी सांगितलं, पुस्तक वाचतायत. म्हणाल्या, वा, फार अभ्यासू आहेत."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं. इतिवृत्तात अशा गोष्टीसाठी रकाना नसतो, म्हणून इथे लिहितो.

त्या तिकिटावर पाच चौकोन असतात. एका माणसाच्या एका दिवसाला एक शिक्का. दोघींचं जाणं-येणं मिळून चार भरले होते. पाचवा कोरा होता. उत्तराने तिकीट माझ्यापुढे ठेवलं. विमानाला अजून पंधरा दिवस होते आणि एका चौकोनात एक माणूस तिथवर सहज पोचतो, येताना दुसरं तिकीट काढायचं. पण त्या शनिवारी सामान बांधणारे येणार होते, पुढच्या शनिवारी निरोपसमारंभ होता, आणि निवडलेलं पुस्तक अजून पूर्ण वाचून व्हायचं होतं. तिकीट मी त्या पुस्तकात खूण म्हणून घातलं. पान दोनशे सात. ती चौकट त्याच पानावर आहे.

आता आम्ही ठाण्यात असतो. समितीचं काम सुरू आहे. चंद्रहास ग्योतोकुहून व्हिडिओवर येतो. पुस्तकं एकोणीस झाली. बाईंचं कार्ड इथेही येतं.

उत्तराने मात्र राजीनामा दिल्यामुळे एक जागा रिकामी आहे. त्यासाठी अर्ज मागवत आहोत. पात्रतेच्या अटी तीनच. एक, कुणाकडे जायचं आहे हे पक्कं ठाऊक असावं. दोन, ते माणूस वाट पाहत असावं. तीन, तरीही निघण्याआधी काहीतरी वाचून घ्यावं असं उमेदवाराला वाटत असावं. तिसरी अट आपण पूर्ण केली आहे, कारण आपण हे इथपर्यंत वाचत आलात. पहिल्या दोन अटींचा पुरावा आम्ही कुणाकडे मागत नाही. आजवर एकही उमेदवार त्यांत नापास झालेला नाही.