टेमराजांस शब्द कोणी दिला, त्याची हकीकत

श्रीरंगदेवता प्रसन्न असो, पडदा वेळेवर उघडो, ऐकणाऱ्याचे कान आणि सांगणाऱ्याची जीभ शाबूत राहो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आश्विन वद्य अष्टमी, ते दिवशी महानगरी जे वर्तमान जाहले ते जैसे कानी आले तैसे लिहिले आहे. पदरचे मीठ थोडे पडले असेल, ते चवीपुरते समजावे.

पूर्वेस झाडीचा मुलूख आहे. तेथे भात पिकते, आणि दिवाळी सरली म्हणजे गावोगावी मंडई म्हणोन जत्रा भरते, आणि मंडईच्या रात्री नाटक होते ते उजाडेतो चालते. ऐसी नाटके एका हंगामात इतकी होतात की नटास पाठांतरास उसंत कोठली? म्हणोन त्या मुलुखाची रीत ऐसी की, रंगमंचाच्या पुढल्या कडेशी प्रॉम्प्टर बसतो, तो प्रत्येक वाक्य आधी हळू सांगतो, मग नट ते मोठ्याने बोलतो. यास तेथे शब्द देणे म्हणतात. राजा असो की चोर असो, शब्द आल्यावाचून कोणी ओठ उघडीत नाही. या मुलुखी टेमराज नाकाडे म्हणोन नट, वय चाळिशीच्या अलीकडले, आवाज ऐसा की मंडपाच्या शेवटल्या सतरंजीवरचे पेंगणारे म्हातारे उठोन बसावे. त्यांच्या मनी आले की महानगरी सिनेमे होतात, मालिका होतात, तेथे आपला आवाज एकदा तरी वाजावा. श्रावण सरता सरता त्यांनी कूच केले. कुटुंब कुंदाबाई, त्यांनी वाटेस चिवडा बांधोन दिला आणि डोळ्यांस पदर न लाविता निरोप दिला, हे विशेष. परंतु नाटक कंपनीच्या मालकांनी निरोप पाठविला की, "अष्टमीच्या दिवेलागणीपर्यंत येतो की नाही ते सांगा. नाही तर तुमची जागा दुसऱ्यास देऊ, कारण फलक छापायचे आहेत." अष्टमी उजाडली तरी टेमराजांचे मन तळ्यात की मळ्यात, आणि हाती काम एकही नाही. ऐसा पेच पडला.

ते दिवशी तीन परीक्षा होत्या, ज्यांस त्या दरबारी ऑडिशन म्हणतात. स्वारी सकाळी स्नान करोन, निळा सदरा लेवोन निघाली आणि पहिल्या ठाण्यास पावली. तेथे फौजदाराचे काम होते. प्रथम म्हणाले, नाव सांगा, मग म्हणाले, डावी बाजू दाखवा, मग उजवी दाखवा, मग हात पालथे करा, आणि टेमराजांस बाजारातल्या गोऱ्ह्याची आठवण जाहली. मग कॅमेरा सुरू जाहला आणि हुकूम सुटला की बोला. टेमराजांस वाक्ये मुखोद्गत होती. येथे शब्द देणारा कोणी नसतो हेही पक्के ठाऊक होते. परंतु खोड ती खोड. दृष्टी आपोआप खाली, पुढल्या कडेकडे गेली, कान टवकारले, आणि खासे उभे राहिले. परीक्षक म्हणाला, "काका, अडलंय कुठे?" टेमराज भानावर न येता बोलोन गेले, "शब्द येऊ द्या ना जी." हशा पिकला. मग घाईने सारी वाक्ये बोलिले, परंतु हशानंतरचा फौजदार तो काय दरारा बसविणार? परीक्षक म्हणाला, "छान. कळवू."

या 'कळवू' शब्दाचा खुलासा करणे प्राप्त आहे. पूर्वी दरबारी निरोपाचा विडा देत, तो हाती पडला म्हणजे सरदाराने उठावे. महानगरी विड्याचे जागी हा शब्द देतात. परंतु झाडीच्या मुलुखी कळवू म्हटले तर माणूस कळवितोच, नाही तर त्याच्या दारी कोणी पाणी पीत नाही. टेमराजांनी जागोजागी दुसरा नंबर म्हणोन कुंदाबाईंचा दिला होता. त्यामुळे ती माउली फोन कमरेस खोचोन धान कापी, फोन उशाशी घेवोन निजे, आणि गावात विचारणारांस सांगे, "आठ ठिकाणाहून कळवणार आहेत." टेमराजांस दोन महिन्यांत त्या शब्दाचा अर्थ उमगला होता, परंतु तिला सांगण्याचे धारिष्ट जाहले नाही. आम्हांसही जाहले नसते.

दुसरी परीक्षा खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीची. तेथे हसोन "गेला खोकला" इतके दोन शब्द म्हणावयाचे. टेमराज हसले, आणि पुढल्या कडेकडे कान देवोन हसतच राहिले, आणि दारातला मनुष्य "पुढचे या" म्हणाला, आणि कळवू हे दारातच हाती पडले. मग स्वारी रस्तोरस्ती हिंडत चालली. तयार कपड्यांचे एक मोठे दुकान लागले, त्याचे काचेआड पुतळे उभे, अंगी उंची वस्त्रे, मुद्रा ताठ, ओठ मिटलेले. टेमराज बराच वेळ पाहात राहिले आणि मग त्यांस हळूच म्हणाले, "तुमचाही प्रॉम्प्टर आला नाई का बाप्पा?" पहारेकऱ्याने विचारले, "कोणाशी बोलताय?" "आमच्याच कंपनीतले आहेत," ऐसे म्हणोन पुढे निघाले. पोटात अन्न नव्हते, परंतु जेवावयाची वासना होईना. इतका हसतमुख मनुष्य एकट्याने हिंडताना पाहावत नाही, हे बखरकाराने लिहू नये, परंतु लिहितो.

तिसरी परीक्षा दुपार कलल्यावर. परीक्षक हेमांगीबाई, चष्मा डोईवर, चहा गार होत पडलेला, सकाळपासोन माणसे पाहोन विटलेल्या. प्रसंग ऐसा की, बोटीच्या धक्क्यावरील एका तिकीट देणाऱ्यास घरून फोन येतो, पलीकडून कोणी काही सांगते, आणि त्याने केवळ ऐकावयाचे. वाक्य एकही नाही. आधीचे नट आत जावोन धाय मोकलून रडले, एकाने तर फोन आपटला, ते बाहेर बाकावर ऐकू येत होते. टेमराज आत गेले. ज्याने पलीकडची वाक्ये वाचावी तो जेवावयास गेलेला. हेमांगीबाई म्हणाल्या, "समोर कोणी बोलतंय अशी कल्पना करा." टेमराज हात जोडोन म्हणाले, "बाई, कल्पनेतला आवाज मले ऐकू येत नाई. खरोखरी कोणी बोललं तर ऐकतो. घरी लावू का फोन?" हेमांगीबाई हसल्या आणि म्हणाल्या, "लावा. स्पीकर चालू ठेवा."

कुंदाबाईंनी फोन तात्काळ उचलला. परीक्षा चालली आहे हे त्यांस ठाऊक नाही. त्या बोलू लागल्या, "अजी, बरं झालं तुमीच लावला. मालक आले होते सकारी. डोमाजीचा गळा बसला, आता त्याईच्यानं रातभर शब्द देणं होत नाई. मालक म्हणे, वहिनी, यंदा तुमीच बसा प्रॉम्प्टिंगले. मी म्हटलं, मी कशी बसू जी? तं म्हणे, टेमराजची तालीम घरी कोण घेते ते साऱ्या गावाले मालूम आहे."

"हं," टेमराज म्हणाले.

"मी हो म्हटलं."

"हं."

"मंग म्हणे टेमराज येते का? मी म्हटलं, नाई येत. तं म्हणे, त्याच्या तोंडून आयकून दिवेलागणीपर्यंत सांगा. आता तुमी पाहा. तुमी आले तं मले गोडच लागन. पहिल्यांदा मी शब्द देईन आन् समोर तुमीच नसान, हे काई मले बरं वाटते का? पण तुमी अर्ध्यातून येऊन तोंड पाडून बसान, ते मले पाहावणार नाई." मग म्हणाल्या, "जेवले का?"

"हं," टेमराज म्हणाले. जेवले नव्हते.

या साऱ्या वेळात टेमराजांनी हात हलविला नाही की डोळे पुसले नाहीत. जन्मभर जे केले तेच केले, दुसऱ्याचा शब्द कानी पडेतो सारे अंग कान करोन उभे राहिले. जो बोलण्याआधी थांबे म्हणोन दोन ठाण्यांवर हसू जाहले, तोच थांबला आणि या खोलीत कोणास खोकवेना. फोन ठेविला. हेमांगीबाईंनी डोईवरचा चष्मा डोळ्यांस लाविला, काढिला, पुसला, आणि म्हणाल्या, "काम लहान आहे, एकाच दिवसाचं. दिवाळीनंतरच्या सोमवारी या. कळवू असं म्हणत नाही मी. या." टेमराजांनी वाकोन नमस्कार केला, परंतु पायऱ्या उतरता उतरता ध्यानी आले की त्याच सोमवारी गावची मंडई, त्याच रात्री पहिले नाटक. इकडे एका दिवसाचे काम, तिकडे अवघा हंगाम आणि पुढल्या कडेशी कुंदा.

मग स्वारी समुद्राकडे गेली. तेथे लोक कणसे खात होते, आणि भरतीचे पाणी खडकांस लागत होते, आणि सूर्य बुडावयास आला, आणि दिवेलागण जाहली. टेमराजांनी फोन लाविला आणि कामाची खबर सांगितली, सोमवारचा पेचही सांगितला, आणि पुढे त्यांस बोलवेना. कुंदाबाई म्हणाल्या, "बोला ना जी. मालक अंगणात उभे आहेत." टेमराज उगेच. लाटांचा आवाज तेवढा पलीकडे जात होता. मग त्या बाईने ओळखिले की मनुष्य अडला नाही, शब्दाची वाट पाहतो आहे. तेव्हा तिने आवाज खाली उतरविला, जैसा घरी तालमीस उतरवीत असे, आणि शब्द दिला, "मी इथंच राहतो."

टेमराज म्हणाले, "मी इथंच राहतो."

"सोमवारी काम करतो."

"सोमवारी काम करतो."

"कुंदाची आठवण काढत नाई."

येथे टेमराज थांबले. कुंदाबाईंस वाटले ऐकू गेले नाही, म्हणोन त्यांनी तेच वाक्य पुन्हा दिले, किंचित मोठ्याने, आणि ते देता देता त्यांचाच आवाज कापला. टेमराज म्हणाले, "हे मी नाई म्हणत."

अवघ्या हयातीत शब्द मिळाला असता त्यांनी न उचललेले वाक्य ते पहिले, आणि दिल्या शब्दाच्या जागी आपले बोललेले हे पहिले. मग कुंदाबाई नाक ओढोन म्हणाल्या, "बरं. ते गाळा. आता जेवाले जा."

येणेप्रमाणे अष्टमीचे वर्तमान. सोमवारी टेमराजांनी धक्क्यावरील तिकीटवाल्याचे काम केले आणि त्याच रात्री झाडीच्या मंडपी कुंदाबाईंनी उजाडेतो शब्द दिला, एकही वाक्य चुकले नाही, आणि दोघेही आपापल्या ठायी जेवोन कामास गेले, हे खात्रीलायक कळले. लिहिणाराचे नाव सांगण्याजोगे नाही. शब्द त्या दोघांचे, आम्ही केवळ मोठ्याने म्हटले.